घरकुलाचा शोषखड्डा आणि गावाचा हातपंप : झाशीच्या खडकाळ भूमीतील नायट्रेटचा हिशेब

ग्रामीण भागात गेल्या दशकात झालेल्या बांधकामांमध्ये दोन गोष्टी ठळकपणे नजरेत भरतात. एक म्हणजे पक्के घरकुल आणि दुसरी म्हणजे त्याला लागून असलेले शौचालय. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण टप्पा आरंभिला गेला. घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये व शौचालयासाठी १२ हजार रुपये अशा साहाय्यातून देशभर कोट्यवधी कुटुंबांची सोय झाली. उघड्यावरील शौचामुळे पसरणारे रोग, विशेषतः स्त्रियांची होणारी कुचंबणा आणि बालकांचे अतिसार यांचा विचार करता या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि पूर्वी शेतशिवारात विखुरला जाणारा नायट्रोजन आता गावठाणाच्या काही हेक्टर क्षेत्रात, जमिनीच्या पोटात, वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी जमा होऊ लागला आहे. याच गावठाणात बहुधा गावाचा हातपंपही असतो. या दोहोंचा परस्परसंबंध तपासण्यासाठी बुंदेलखंडातील झाशी जिल्हा हे उद्बोधक उदाहरण आहे.

झाशीची भूमी : पातळ माती, भेगाळलेला खडक

झाशीचा बहुतांश परिसर अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडकांवर वसलेला आहे. या खडकाला स्वतःची सच्छिद्रता जवळजवळ नसते. वरचा झिजलेला मुरमाड थर आणि खालच्या कठीण खडकातील भेगा एवढ्याच जागी पाणी साठते. म्हणूनच येथील शेती मोठ्या व्यासाच्या उथळ विहिरींवर उभी राहिली.

बुंदेलखंडातील शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतात. राकड व परवा या तांबूस माती, तर काबर व मार या काळ्या माती. राकड माती उथळ, भरड व खडेमिश्रित असते. तिच्यातून पाणी भराभर खाली उतरते आणि हवाही सहज खेळते. सांडपाण्याच्या दृष्टीने हा गुण दुधारी ठरतो. शोषखड्डा तुंबत नाही, त्यामुळे घरमालक समाधानी असतो. परंतु खाली उतरणाऱ्या पाण्याला मातीत थांबून शुद्ध होण्यास वेळच मिळत नाही. मार मातीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने निचरा मंद होतो, पण उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा पहिल्या पावसात थेट वाटा बनतात.

भेगाळलेल्या खडकात दूषित पाणी किती वेगाने धावू शकते, याचा एक बोलका दाखला पूर्व बोत्स्वानातील मोचुडी या गावी मिळाला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात शौचकूपात लिथियमयुक्त मीठ सोडून जवळच्या विंधण विहिरीतील पाणी तपासले गेले. काही तासांतच लिथियम विहिरीत प्रकटले. त्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेटही अतिशय अधिक होते. खडक जुना व कठीण, वरचा थर पातळ आणि पाणीसाठा भेगांमध्ये, ही तेथील परिस्थिती बुंदेलखंडाशी मिळतीजुळती आहे.

मूत्रातील नायट्रोजन नायट्रेट कसा होतो?

भारतीय आहारातील प्रथिनांचे प्रमाण विचारात घेऊन केलेल्या अंदाजानुसार एका व्यक्तीच्या मल-मूत्रातून वर्षाला सुमारे २.७ किलो नायट्रोजन बाहेर पडतो. त्यांपैकी २.३ किलोच्या आसपास केवळ मूत्रातून येतो. सेप्टिक टँकमध्ये प्राणवायू नसल्याने हा नायट्रोजन अमोनियम स्वरूपात राहतो. घन भाग तळाशी बसतो. परंतु अमोनियम पाण्यात विरघळलेला असल्याने तो बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो. सेप्टिक टँकने नायट्रोजनचे निवारण होते, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

टँकबाहेरील हवेशीर मातीत नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू अमोनियमचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही ऋणभारित असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तेथे नायट्रेट जातो. वाटेत प्राणवायूचा अभाव आणि सेंद्रिय कर्बाचा पुरवठा अशी जोडी मिळाली, तरच काही जिवाणू नायट्रेटचे वायुरूप नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात. राकडसारख्या हवेशीर व कर्बाने गरीब मातीत ही संधी अल्प असते.

४५ मिलिग्रॅमची मर्यादा

पिण्याच्या पाण्याविषयीच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. अन्य काही घटकांप्रमाणे पर्यायी स्रोत नसल्यास द्यावयाची सूट नायट्रेटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ५० मिलिग्रॅम आहे.

या मर्यादेमागे तान्ह्या बालकांचा प्रश्न आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या अर्भकांची त्वचा निळसर पडत असल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि तिचा संबंध पाण्यातील नायट्रेटशी जोडला. शरीरात नायट्रेटपासून बनलेला नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करतो. सहा महिन्यांखालील, वरचे दूध घेणारी बालके यास सर्वाधिक बळी पडतात. केवळ स्तनपान घेणाऱ्या बालकास हा धोका फारच कमी असतो.

नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते. पाणी उकळल्याने तो जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, क्लोरीन व मेणबत्ती गाळणी यांचाही त्यावर परिणाम होत नाही.

अंतराचा नियम कशासाठी?

शोषखड्डा व पाण्याचा स्रोत यांत किती अंतर असावे, हा प्रश्न प्रत्येक घरकुलाच्या आखणीत येतो. प्रचलित मार्गदर्शनानुसार माती बारीक असेल आणि खड्ड्याचा तळ वर्षभर भूजल पातळीपेक्षा किमान २ मीटर उंच राहत असेल, तर ३ मीटर अंतर पुरेसे मानले जाते. पातळी त्याहून वर येत असल्यास १० मीटर अंतर सांगितले जाते. माती भरड असल्यास किंवा खडक भेगाळलेला असल्यास खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचे वाळूचे आवरण द्यावे, असेही सुचविले जाते.

हे नियम उपयुक्त आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु ते रोगजंतूंच्या प्रवासावर आधारलेले आहेत. जंतू मातीत गाळले जातात, कणांना चिकटतात आणि काळाच्या ओघात मरतात. नायट्रेट गाळला जात नाही आणि मरतही नाही. म्हणून ‘हातपंप शोषखड्ड्यापासून १० मीटरवर आहे’ या उत्तराने जंतूंविषयी काहीसा दिलासा मिळतो. नायट्रेटविषयी काहीच निष्पन्न होत नाही. नायट्रेटच्या बाबतीत निर्णायक प्रश्न वेगळा आहे. एका हेक्टरमध्ये किती घरे आहेत आणि त्यांचा नायट्रोजन विरळ करण्यासाठी किती पाणी जमिनीत मुरते, हे पाहावे लागते.

शंभर घरांचा ताळेबंद

हा हिशेब शेतकऱ्याला परिचित असलेल्या खताच्या भाषेत मांडता येतो. उदाहरणादाखल ५ हेक्टर गावठाणात १०० घरे आणि प्रत्येक घरात ५ माणसे आहेत, असे धरू.

• एका घराचा वार्षिक नायट्रोजन : ५ × २.७ = १३.५ किलो.
• शंभर घरांचा : १,३५० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे हा भार ६५ पोत्यांइतका झाला.
• गावठाणाच्या हेक्टरी भार : २७० किलो. बागायती गव्हाला साधारणतः हेक्टरी १२० किलो नायट्रोजनची शिफारस असते. गव्हाच्या शेतात तो उचलणारे पीक असते, गावठाणात नसते.

यांपैकी निम्मा नायट्रोजन गाळात राहिला किंवा हवेत गेला आणि निम्मा नायट्रेट होऊन भूजलात पोचला, असे मानू. ६७५ किलो नायट्रोजन म्हणजे (४.४३ ने गुणून) सुमारे ३,००० किलो नायट्रेट. वार्षिक पाऊस ८५० मिमी आणि त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे धरल्यास हेक्टरी ८५० घनमीटर पाणी भूजलाला मिळते. ३,००० किलो नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आणण्यासाठी सुमारे ६६,७०० घनमीटर, म्हणजे ७८ हेक्टर क्षेत्रावर मुरणारे स्वच्छ पाणी लागेल. चौथा हिस्साच नायट्रेट खाली पोचतो असे मानले, तरी ३९ हेक्टर लागतात. प्रत्यक्ष गावठाण मात्र ५ हेक्टरचे आहे.

हा ढोबळ हिशेब आहे. सांडपाण्याचे स्वतःचे पाणी जमेस धरल्यास आवश्यक क्षेत्र थोडे कमी होईल. आजूबाजूच्या शेतातून येणारे पाणी आधीच नायट्रेटयुक्त असल्यास ते वाढेल. भेगाळ खडकात मिश्रण एकसारखे होत नाही, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींत मोठा फरक दिसू शकतो. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गावाचे संपूर्ण शिवार पाहिले तर विरळीकरणास पुरेसे क्षेत्र असते. परंतु पाणी गावठाणाच्या मध्यातून उपसले जात असल्यास त्या शिवाराचा लाभ मिळत नाही. नवी वसाहत आखताना प्रत्येक भूखंडाची स्वतंत्र तपासणी करून भागत नाही. संपूर्ण वसाहतीचा एकत्र ताळेबंद मांडावा लागतो.

पाणलोट विकासाचा दुहेरी परिणाम

झाशी येथील केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेने ‘इक्रिसॅट’च्या सहकार्याने २०११ पासून जिल्ह्यातील परासई-सिंध पाणलोटात सुमारे १,२५० हेक्टर क्षेत्रावर काम केले. बुंदेलखंडातील ‘हवेली’ या पारंपरिक पद्धतीत पावसाळ्यात मातीच्या बांधाआड पाणी साठवून रब्बीपूर्वी ते सोडून दिले जाते. अशा रचनेचे पुनरुज्जीवन आणि नाल्यांवरील बंधारे यांमुळे परिसरातील विहिरींची पातळी उंचावली.

नायट्रेटच्या दृष्टीने अशा कामांचे दोन परिणाम संभवतात. अधिक पाणी मुरल्याने विरळीकरण वाढते, हा लाभ होय. मात्र पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी वर आल्याने खड्ड्याचा तळ व पाणी यांतील २ मीटरचे अंतर कमी होऊ शकते. उन्हाळ्यात कोरडा असलेला खड्डा ऑक्टोबरात पाण्यात बुडालेला असू शकतो. म्हणून शोषखड्ड्याची खोली ठरविताना विहिरीची उन्हाळी पातळी न पाहता पावसाळ्यानंतरची सर्वोच्च पातळी पाहावी. पाणलोट विकास झालेल्या गावांत जुन्या खड्ड्यांची या दृष्टीने फेरतपासणी आवश्यक आहे.

‘दहा वर्षे उपसावी लागली नाही’

गावोगाव सेप्टिक टँक म्हणून दाखविली जाणारी रचना पुष्कळदा तळ न बांधलेला एकच मोठा खड्डा असतो. टँक कित्येक वर्षे भरलीच नाही, ही बाब घरमालक अभिमानाने सांगतो. वस्तुतः ती धोक्याची सूचना आहे. पक्क्या तळाच्या टँकमध्ये बाहेर जाणाऱ्या नळाच्या पातळीपर्यंत नेहमीच पाणी असते आणि काही वर्षांनी गाळ उपसावाच लागतो. झाकण उघडल्यावर पाणी फार खाली असेल किंवा टँक कोरडी असेल, तर ती तळातून गळते आहे. टँकमधील विषारी वायूंमुळे माणसांचे प्राण गेले आहेत. म्हणून ही पाहणी बाहेरूनच करावी. कोणीही आत उतरू नये किंवा वाकून डोकावू नये.

पक्क्या टँकचाही एक दोष असतो. झाकणाला भेग असल्यास किंवा वायुनळीला जाळी नसल्यास तेथे क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास आणि आर्मिजेरिस जातीचा डास विपुल वाढतो. वायुनळीच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधणे व झाकणाच्या भेगा सिमेंटने बुजविणे हे अल्पखर्चाचे उपाय आहेत. डासांच्या पाहणीसाठी घरोघरी जाणाऱ्या पथकाने टँकचा प्रकार, तळ, पाण्याची पातळी व जवळच्या जलस्रोताचे अंतर यांची नोंद केल्यास एकाच फेरीत दोन्ही कामे साधतात.

गावपातळीवरील मूल्यांकन : सहा पायऱ्या

१. नकाशा : गावठाणातील शौचालये, गोठे, उकिरडे, हातपंप व विहिरी एका कागदावर मांडाव्यात. प्रत्येक हेक्टरमधील घरे मोजावीत.

२. प्रवाहाची दिशा : त्रिकोणात असलेल्या किमान तीन विहिरींतील पाण्याची पातळी एकाच दिवशी, एका समान संदर्भबिंदूपासून मोजावी. त्यासाठी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते. भेगाळ खडकात ही दिशा अंदाजापुरतीच मानावी.

३. नमुने : गावठाणाच्या वरच्या अंगाची शेतविहीर, गावठाणातील हातपंप आणि खालच्या अंगाची विहीर अशा तीन गटांतून नमुने घ्यावेत. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा. हातपंप काही मिनिटे चालवून मगच बाटली भरावी. ती बर्फात ठेवून शक्यतो दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवावी.

४. प्राथमिक चाचणी : जल जीवन मिशनअंतर्गत गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचातील रंगतुलनेने संशयित स्रोत निवडता येतात. अंतिम निष्कर्ष प्रयोगशाळेच्या आकड्यावरच काढावा. अहवालात आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा, हे पाहावे. दुसऱ्या पद्धतीतील १० हा आकडा पहिल्या पद्धतीतील सुमारे ४५ असतो.

५. स्रोताचा शोध : त्याच नमुन्यात क्लोराइड तपासावे. मूत्रात मीठ असते. म्हणून शेतविहिरीच्या तुलनेत गावठाणात नायट्रेट व क्लोराइड दोन्ही एकत्र वाढलेले असल्यास सांडपाणी किंवा शेण-मूत्राचा संशय बळावतो. नायट्रेट अधिक व क्लोराइड अल्प असल्यास युरियाकडे लक्ष जाते. मात्र म्युरेट ऑफ पोटॅश वापरले जात असल्यास क्लोराइड खतातूनही येते. नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून रासायनिक खत व मल-मूत्र यांत बराच भेद करता येतो. माणूस व जनावर यांत करता येत नाही.

६. जनावरांचा वाटा : एक मोठे जनावर माणसाच्या कितीतरी पट नायट्रोजन बाहेर टाकते. बुंदेलखंडातील ‘अन्ना’ प्रथेत जनावरे मोकळी सोडली जातात आणि पाणवठ्याभोवती, हातपंपाच्या डबक्याशी एकत्र येतात. त्यांची नोंद न घेता सर्व दोष शौचालयांवर टाकल्यास उपाय चुकतो.

उपाय : नायट्रोजन पिकाकडे परत नेणे

पिण्याचा स्रोत गावठाणाबाहेर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेणे हा पहिला उपाय होय. नळाने बाहेरचे पाणी मिळत असल्यास तान्ह्या बालकांसाठी तेच वापरावे. परंतु नळाचे माणशी ५५ लिटर पाणी आल्यावर सांडपाणीही वाढते; न्हाणीघराचे पाणी शौचालयाच्या खड्ड्यात सोडू नये.

शौचालयासाठी दोन शोषखड्ड्यांची रचना निवडावी आणि खड्डे आलटून पालटून वापरावेत. भरलेला खड्डा सुमारे दोन वर्षे बंद ठेवल्यावर त्यातील खत शेतात न्यावे. खडक उथळ असल्यास खड्डे खोल न करता रुंद व उथळ करावेत. कोरडी पडलेली विंधण विहीर सांडपाण्यासाठी वापरण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो पूर्णतः थांबवावा, कारण त्यात मातीचा उरलासुरला आधारही टाळून दूषित पाणी थेट भेगांत सोडले जाते.

सेप्टिक टँकचे बाहेर पडणारे पाणी खडीच्या वाफ्यातून नेऊन त्यावर कर्दळ, केळी किंवा संकरित नेपियर लावता येते. चारा व पाने नियमित कापून बाहेर नेली, तरच नायट्रोजन कमी होतो. गोठ्याचा उकिरडा विहिरीपासून दूर, पक्क्या तळावर असावा. गोबरगॅसमुळे नायट्रोजन नष्ट होत नाही. स्लरी शेतात पोचली पाहिजे.

नायट्रेटयुक्त विहीर ओलितासाठी मात्र उपयोगी आहे. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर ५ सेंटिमीटरच्या एका पाळीतून हेक्टरी सुमारे ११ किलो नायट्रोजन मिळतो. गव्हाच्या चार पाळ्यांतून ४५ किलो, म्हणजे युरियाची दोन पोती. पाणी तपासून तेवढा युरिया कमी केल्यास खर्च वाचतो आणि भूजलावरील भारही घटतो. जनावरांना पाजण्यापूर्वी मात्र असे पाणी तपासावे, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातही नायट्राइट तयार होतो. पाण्याच्या ताणात वाढलेल्या ज्वारी किंवा ओटच्या चाऱ्याबरोबर हा धोका वाढतो.

महाराष्ट्रासाठी बोध

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानुसार देशभरातील १५,२५९ ठिकाणांच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळला. बाधित जिल्ह्यांची संख्या २०१७ मधील ३५९ वरून ४४० वर गेली. सर्वाधिक बाधित म्हणून निवडलेल्या १५ जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव व यवतमाळ हे महाराष्ट्राचे सात जिल्हे आहेत. तेथील खडक बहुतांशी बेसाल्ट असला, तरी झिजलेला मुरूम व खालच्या भेगा हीच पाण्याची ठिकाणे आहेत. झाशीसाठी मांडलेला ताळेबंद पाऊस व मुरण्याचे प्रमाण बदलून तेथेही मांडता येतो.

या जिल्ह्यांत खतांच्या अतिवापराची चर्चा होते आणि ती रास्तही आहे. परंतु शेताच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेत आणि गावठाणाच्या हातपंपात मर्यादेबाहेर असे चित्र दिसल्यास शेतातील मात्रा कमी करून हातपंप सुधारणार नाही. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या मे महिन्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावात वरील तीन गटांतील प्रत्येकी दोन नमुने नायट्रेट व क्लोराइडसाठी तपासून घ्यावेत, पावसाळ्यानंतर तेच स्रोत पुन्हा तपासावेत आणि दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. नव्या घरकुलांची जागा व पिण्याच्या पाण्याचा स्रोत निश्चित होण्यापूर्वी ही माहिती हाती असल्यास पुढील खर्च व धोका दोन्ही टळू शकतात.